फेसबुक पानाआधी पुस्तकांची यादी

प्रश्न असा आहे: एक ताई तालुक्याच्या गावातल्या ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात नुकत्याच ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या. पहिल्याच बैठकीत कार्यकारी मंडळाने सांगितलं, ‘आपलं वाचनालय आता सोशल मीडियावर आलं पाहिजे.’ हाताशी एक संगणक, एक लेखनिक, एक शिपाई आणि स्वतःचा मोबाइल. काय काय सुरू करू आणि कशावर किती वेळ घालवू, असं त्या विचारतात.

ताई, मी अशाच एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे सव्वीस वर्षं बसले आहे. सोशल मीडियाची सगळी खुळं करून झाली आहेत, त्यामुळे आधी माझंच सांगते. फेसबुक पान काढलं तेव्हा मी रोज सकाळी सुविचार टाकायची. जयंती आली की फोटोला हार, पुण्यतिथी आली की अभिवादन, सणाला शुभेच्छा. लाइक यायचे. मंडळ खूश होतं. मग एक दिवस शेजारच्या वाडीवरून सायकलने येणारे एक सभासद टेबलापाशी उभे राहून शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमचं सुप्रभात रोज मिळतं. पण ते पुस्तक आत आहे की बाहेर, ते काही कळत नाही. ही माझी तिसरी खेप.”

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी घोकलेलं असतं: वाचकाचा वेळ वाचवा. मला ते त्या दिवशी समजलं. तेव्हापासून कुठलंही नवं साधन आलं की मी एवढंच बघते: यामुळे कुणाची एखादी खेप वाचणार आहे का? वाचणार असेल तर ते आपलं. नाहीतर ते मंडळाच्या अहवालासाठी आहे, आणि अहवालाला आठवड्याची दहा मिनिटं पुरतात.

म्हणून सगळ्यात आधी पुस्तकांची यादी. तुम्ही विचारलंत सोशल मीडियाबद्दल आणि मी यादीवर आले, हे खटकेल. पण लोक व्हॉट्सॲपवर येऊन विचारणार काय? ‘अमुक पुस्तक आहे का?’ दर वेळी उठून कपाट बघावं लागत असेल तर आठवड्याभरात तुम्हीच तो फोन खणात टाकाल.

यादीसाठी लगेच मोठ्या प्रणालीच्या मागे लागू नका. कोहा ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली मोफत आहे आणि उत्तम आहे. ती मूळची न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये करायला घेतलेली प्रणाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण तिला सर्व्हर लागतो, आणि तो बिघडला की दुरुस्त करणारा माणूस लागतो. आपल्याकडे तो माणूस नसतो. एनआयसी या सरकारी संगणक संस्थेची ई-ग्रंथालय नावाची प्रणालीही आहे. तुमच्या जिल्ह्यात ते वापरणारं एखादं ग्रंथालय असेल तर एक दिवस जाऊन त्यांच्या शेजारी बसा आणि मग ठरवा. तोवर साधी गुगल शीट पुरते. दाखल क्रमांक (नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक), नाव, लेखक, प्रकाशक, वर्गांक (विषयाचा क्रमांक), कपाट क्रमांक आणि शेवटचा रकाना ‘आत / बाहेर’. हा शेवटचा रकाना लेखनिकाने रोज संध्याकाळी देवघेव बंद झाल्यावर भरायचा. शीट सर्वांना फक्त पाहण्यासाठी खुली ठेवायची आणि तिचा क्यूआर कोड दारावर लावायचा. पुस्तक कुणाकडे गेलं, ते या शीटमध्ये कधीही लिहायचं नाही. ते आपल्या रजिस्टरात. याचं कारण पुढे सांगते.

आमची साडेअकरा हजार पुस्तकं होती. दिवसाला चाळीस नोंदी या गतीने वर्ष गेलं. सगळं पूर्ण होईपर्यंत थांबायची गरज नाही. गेल्या पाच वर्षांत आलेली पुस्तकं आणि ज्या कपाटांपुढे गर्दी असते ती कपाटं आधी घ्या. बारकोड दाखवला की पुस्तकाची माहिती आपोआप भरणारी ॲप कुणीतरी दाखवील, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन, म्हणजे बारकोडमागचा पुस्तकाचा क्रमांक, नसतोच. असला तरी माहिती बरेचदा रोमन लिपीत येते, आणि मग ‘देशपांडे’ शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

मराठी यादीच्या काही खोडी आहेत, त्या कुणी आधी सांगत नाही. तुमच्या संगणकात आधीच्या ग्रंथपालांनी श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये केलेली यादी असेल, तर फॉन्ट बदलताच तिच्यात नुसती चिन्हं दिसतील. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या लिपीत, बदलून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट आहेत. त्यातून काढा, पण जोडाक्षरं स्वतः तपासा; तिथे ती हमखास अडखळतात. दुसरी खोड आणखी नाठाळ आहे. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठतं: एक अखंड ‘ॲ’, आणि दुसरं ‘अ’ टंकून त्यावर चंद्र ठेवलेलं. आपल्या डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला ती निराळी. ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चंही तसंच. आमच्या यादीत एक पुस्तक असून दोन महिने सापडत नव्हतं, ते याच पायी. शेवटी आम्ही एकच कळफलक ठरवला आणि त्यावरून टंकायचं हे लेखनिकाच्या टेबलावर चिकटवून ठेवलं. लेखकाचं नावही एकाच पद्धतीने लिहा. आडनाव आधी तर आडनाव आधी, आज ‘पु. ल. देशपांडे’ आणि उद्या ‘देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण’ असं केलंत तर एकाच लेखकाचे दोन लेखक होतात.

कागदावरची दाखल नोंदवही मात्र चालूच ठेवा. तपासणीला येणारे साहेब शीट बघून कौतुक करतात आणि मग नोंदवही मागतात.

आता व्हॉट्सॲप. पहिली गोष्ट: वाचनालयाच्या नावाने वेगळं सिम कार्ड घ्या. स्वतःचा नंबर देऊ नका. मी दिला होता, आणि रात्री साडेअकराला ‘मॅडम, ग्रंथालय उद्या उघडं आहे का?’ अशी विचारणा यायची. त्या नंबरावर व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप टाका. ते फुकट आहे. वेळेबाहेर कुणी लिहिलं तर आपोआप उत्तर जातं, आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात. वर्गणी किती, अनामत किती, साप्ताहिक सुट्टी कधी, दिवाळी अंक योजना कधी सुरू होणार. रोज दहा वेळा विचारलं जाणारं एवढंच असतं.

मंडळ म्हणेल ग्रुप करा. करू नका. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात हे खरं, पण ती कशासाठी मावतात ते पंधरा दिवसांत कळतं. सकाळी फुलं, दुपारी राजकारण, संध्याकाळी कुणाच्या तरी भाच्याचा प्लॉट विकायचा आहे. शिवाय ग्रुपमधल्या प्रत्येकाला बाकीच्यांचे नंबर दिसतात. आमच्या महिला सभासदांपैकी एकीला ग्रुपमधून नंबर घेऊन कुणीतरी फोन करायला लागलं, आणि तिने ग्रुपच नव्हे, वाचनालयच सोडलं. परत यायला तिला दोन वर्षं लागली. प्रसारण यादी म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. एका यादीत २५६ जण, आणि कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. मात्र ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून नवा सभासद अर्ज भरतो तेव्हाच त्याच्या फोनमध्ये आपला नंबर साठवून घ्यायचा, आमचा शिपाई हे काम अगदी प्रेमाने करतो. आता चॅनेलची सोय आहे, तिथे अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि उलट संदेश पाठवता येत नाहीत. ‘या आठवड्याची नवी आवक’ टाकायला ते चांगलं. आम्ही शनिवारी एकदाच टाकतो: नव्या पुस्तकांचा टेबलावर मांडून काढलेला एक फोटो आणि खाली नावं टंकलेली. नावं टंकणं महत्त्वाचं. नुसत्या फोटोतलं नाव नंतर कुणाला शोधता येत नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे शीटमध्ये सभासदाचं नाव नको म्हटलं.

पूर्वी मुदत उलटली की आपण पोस्टकार्ड टाकायचो. व्हॉट्सॲप आल्यावर मी मोठ्या उत्साहाने सगळ्यांना स्मरणपत्रं पाठवायला लागले, पुस्तकाच्या नावासकट: ‘आपल्याकडील अमुक पुस्तक परत करण्याची मुदत संपली आहे.’ एक बाई घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक घेऊन गेल्या होत्या. त्यांनी अर्जावर जो नंबर दिला होता तो घरातला एकच फोन होता, आणि तो सासूबाईंकडे असायचा. माझा निरोप त्यांच्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचला. त्या पुस्तक परत करायला आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. अनामत मागितली, सही केली आणि गेल्या. माझ्याकडून नोकरीत झालेली ही सगळ्यात मोठी चूक, असं मी आजही समजते. पोस्टकार्डावर तरी मी पुस्तकाचं नाव लिहायची का? नाही. कारण पोस्टमन वाचतो हे माहीत होतं. फोन मात्र प्रत्येकाचा खाजगी असतो असं मी धरून चालले होते. आपल्या गावांत तो बरेचदा घराचा असतो.

तेव्हापासून आमचा निरोप असा असतो: ‘नमस्कार. आपल्याकडे वाचनालयाचं १ पुस्तक आहे, मुदत संपली आहे. सवडीने परत करावं.’ बस. नाव नाही, विषय नाही. मुदत उलटलेल्यांची यादी ग्रुपवर टाकू या, म्हणजे लोक लाजेने परत करतील, अशी सूचना तुमच्या बैठकीत नक्की येईल. आमच्याकडे आली होती. ठाम नाही म्हणा. कोण काय वाचतं हे ग्रंथपालाच्या पोटात राहिलं पाहिजे. डॉक्टर जसा रोग सांगत नाही तसं. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेत झाला आहे, तो बैठकीत पुढे करायला उपयोगी पडतो, पण खरं तर त्याआधीही हे असंच होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी सभासदांच्या जन्मतारखा गोळा करू नका. नंबर आणि पत्ता एवढंच लागतं, तेवढंच घ्या.

पीडीएफचा प्रश्न तुम्हाला पहिल्या महिन्यातच भेटेल. कुणीतरी ज्येष्ठ विश्वस्त एखाद्या गाजलेल्या कादंबरीची पीडीएफ पाठवतील: ‘मॅडम, सभासदांना पाठवा, वाचन वाढेल.’ रागावू नका, त्यांचा हेतू चांगला असतो. पण पाठवू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांचं झालं. पुलं २००० मध्ये गेले, त्यांचं २०६० संपेपर्यंत होणार नाही. मी हे गणित विश्वस्तांना कागदावर करून दाखवलं. ते दोन दिवस रुसले, मग स्वतःच बाकीच्यांना समजावू लागले. आपण नवी पुस्तकं मराठी प्रकाशकांकडून विकत घेतो, तेच आपल्याला सवलत देतात. त्यांच्याच पुस्तकांच्या चोरट्या प्रती वाचनालयाच्या नंबरावरून फिरवणं हे कायदा बाजूला ठेवला तरी वाईट दिसतं.

नाही म्हणताना हातात दुसरं काही असावं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. मराठी विश्वकोश पूर्ण वाचता येतो. मराठी विकिस्रोतावर प्रताधिकार संपलेली पुस्तकं आहेत. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतो. जुन्या दस्तऐवजातला शब्द अडला म्हणून एखादे वकील किंवा शिक्षक येतात तेव्हा मी हा कोश उघडते, आणि सगळ्या ऑनलाइन साधनांत मला सर्वाधिक मान मिळवून दिला असेल तर तो यानेच. या सगळ्या दुव्यांचं एक पान करून संदर्भ विभागाच्या संगणकावर ठेवा. वयस्कर माणसांना दुवा पाठवू नका, शेजारी खुर्ची द्या. एकदा दाखवलं की ते घरी जाऊन स्वतः उघडतात.

वाचनालयातलं जुनं पुस्तक जीर्ण झालं असेल तर जतनासाठी त्याची डिजिटल प्रत करून ठेवायला कायद्यात आपल्यासारख्या ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना मुभा आहे, अट एवढीच की छापील प्रत आपल्याकडे आधीपासून हवी. ती प्रत वाटायला मात्र नाही. स्कॅन केलेली पानं गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडली की देवनागरी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. आम्ही आमच्या जुन्या वार्षिक अहवालांवर हे केलं. ते आपलेच अहवाल असल्याने तिथे परवानगीची भानगड नव्हती.

त्या अहवालांवरून फेसबुकचं आठवलं. फेसबुकचा उपयोग मला फार उशिरा कळला. तो गावात राहणाऱ्यांसाठी नाहीच, गाव सोडून गेलेल्यांसाठी आहे. मी एकदा जुन्या दाखल नोंदवहीच्या एका पानाचा फोटो टाकला: बोरूने लिहिल्यासारखं वळणदार अक्षर, पुस्तकाची किंमत ‘रु. १-४-०’, आणि देणगीदारांची नावं. सगळे केव्हाच वारलेले. दोन दिवसांत पुण्यातून, बडोद्यातून, एक थेट अमेरिकेतून, माणसं येऊन लिहायला लागली: हे माझे आजोबा. त्यातल्या दोघांनी आजोबांच्या नावाने बालविभागाला कपाटं दिली. माझ्या तीन वर्षांच्या सुविचारांनी एक स्टूलसुद्धा मिळालं नव्हतं. तेव्हा फेसबुकवर महिन्यातून एखादंच, पण आपल्याच कपाटातलं काहीतरी टाका. इन्स्टाग्राम मी केलं नाही. अभ्यासिकेतली एखादी मुलगी हौसेने करत असेल तर करू द्या, पासवर्ड मात्र वाचनालयाचा.

आणि गुगल नकाशावरची नोंद! तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तिथे आमच्या वाचनालयाच्या नावापुढे कुणीतरी ‘कायमचं बंद’ असं टाकलं होतं आणि फोन नंबर शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा होता. तो बिचारा वर्षभर आमचे फोन घेत होता. ती नोंद आपल्या ताब्यात घ्या, वेळा बरोबर करा, सुट्टीचा वार टाका, पायऱ्या आहेत की उतार तेही टाका. अर्ध्या तासाचं काम आहे आणि गावात नव्याने बदलून आलेले बँकेतले, पोस्टातले लोक आपल्याला तिथूनच शोधत येतात.

फसलेल्या गोष्टीही सांगते. अभ्यासिकेच्या जागांसाठी मी गुगल फॉर्म केला होता. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी पहाटे पाचला फॉर्म भरला, आणि ज्यांनी भरला नव्हता त्यांनी पावणेपाचला येऊन खुर्चीवर दप्तर ठेवलं. दप्तर जिंकलं. आता पुन्हा वहीच आहे. तोच फॉर्म दिवाळी अंकांना मात्र झकास चालला. कुणाला कुठला अंक आधी हवा, ते शीटमध्ये ओळीने पडतं, आणि ‘माझा नंबर आधी होता’ हे भांडण संपलं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांची पसंती लेखनिक विचारून त्याच शीटमध्ये भरतो. त्यांच्यासाठी वेगळी रांग लावायची नाही.

हल्ली चॅटजीपीटीकडून पुस्तकांची यादी घेऊनही वाचक येतात. आमच्याकडे एक विद्यार्थी ‘दुष्काळावरची मराठी पुस्तकं’ अशी सहा नावांची यादी घेऊन आला. त्यातली दोन पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती. नाव छान, लेखकही ओळखीचा, पुस्तक मात्र नाही. त्याला हसू नका. त्याच्यासमोर प्रकाशकाच्या सूचीत आणि आपल्या शीटमध्ये शोधून दाखवा. पत्राचा मसुदा, कार्यक्रमाची बातमी असल्या कामांना मीही ते वापरते, संदर्भासाठी नाही.

एक सांगायचं राहिलं, आणि ते सगळ्यात कोरडं आहे. खाती वाचनालयाच्या ईमेलवरून उघडा, व्यक्तीच्या नाही. आमचं पहिलं फेसबुक पान एका उत्साही मुलाने स्वतःच्या खात्यातून काढलं होतं. तो नोकरीसाठी गेला, त्याचं खातं कुणीतरी पळवलं, आणि आमच्या वाचनालयाच्या नावाने चार महिने चष्म्यांच्या जाहिराती दिसत होत्या. दुहेरी पडताळणी सुरू करा, ती वाचनालयाच्या सिमवर. पानाचे दोन प्रशासक ठेवा, तुम्ही आणि कार्यवाह. पासवर्ड एका पाकिटात बंद करून अनामतीच्या तिजोरीत. तुम्ही रजेवर असाल, बदलाल, तरी वाचनालयाचा आवाज बंद पडायला नको.

वेळेचं विचारलंत. मी सकाळी देवघेव सुरू व्हायच्या आधी चाळीस मिनिटं देते आणि संध्याकाळी दहा. मधे फोन शिपायाकडे. ‘पुस्तक आहे का’ एवढ्याचं उत्तर तो शीट बघून देतो, आणि माझ्यापेक्षा लवकर देतो. तुम्ही उद्या गेल्यावर पहिलं काम एवढंच करा: संगणकात जुनी यादी असेल तर ती उघडा आणि तिच्यात ‘ॲ’ दोन्ही तऱ्हांनी शोधून बघा. किती काम पडलंय ते तिथेच कळेल.